कंपनीला हमी, कापूस देवाच्या हवाली



गेल्या बैठकीत विजेचा विषय निघाला तेव्हा मागच्या रांगेतून एक जुने कार्यकर्ते उठून म्हणाले, "भाऊ, एन्रॉनचं मढं आता उकरू नका. माझी डीपी जळून सतरा दिवस झाले, तिचं बोला." सगळा मांडव हसला. आम्हीही हसलो. या अंकात डीपीचेच बोलायचे आहे. पण डीपी सतरा दिवस का बदलली जात नाही हे समजून घ्यायचे तर आधी गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या समुद्रकाठी एक फेरी मारून यावी लागते. काळ्या रानातून तिथे जायची वाट लांबची आहे. तिथले बिल मात्र आपल्या दारात सरळ येते.

विषय आज काढण्याचे कारण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये महावितरणने सौर आणि कोळशाची मिळून ६,६०० मेगावॉट वीज पंचवीस वर्षे घेण्याचे इरादापत्र एका उद्योगसमूहाला दिले. लगोलग वर्तमानपत्रांत दोन तट पडले. एकाला त्यात विकासाची गंगा दिसली, दुसऱ्याला निव्वळ लूट. आमचे म्हणणे दोघांपेक्षा निराळे आहे. भांडवल खाजगी आहे म्हणून आम्ही त्याला शिव्या देणार नाही. सरकारी कारभाराने शेतकऱ्याचे जे भले केले ते आपण पाठीवर वागवतोच आहोत. कंपनीने पैसा घालावा, वीज करावी, विकावी, नफाही खुशाल करावा. फक्त एक विचारायचे: धंदा बुडाला तर कुणाचे बुडेल?

दाभोळला नेमके हेच कुणी विचारले नाही. आणि ज्यांनी विचारले त्यांचे ऐकले गेले नाही.

१९९१ नंतर केंद्र सरकारने वीजनिर्मितीत खाजगी कंपन्यांना बोलावले. बोलावताना ताट वाढूनच ठेवले होते. कारखाना त्याच्या ताकदीच्या ६८.५ टक्के चालला की मालकाच्या भांडवलावर १६ टक्के परतावा धरूनच विजेचा दर ठरवायचा, असे मार्च १९९२ च्या अधिसूचनेत होते. त्यापेक्षा जास्त चालला तर वर बक्षिसी. पेरण्याआधी नफा कागदावर लिहून मिळण्याचा हा योग आपल्यातल्या किती जणांच्या पत्रिकेत आला, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीची माणसे आली. पाहुणे येऊन आठवडा होतो न होतो तोच, २० जूनला, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने सामंजस्य करारावर सही केली. आपल्याकडे सोयरीक जुळवायलासुद्धा याहून जास्त दिवस लागतात. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायचे नाकारले आणि कारणही दिले: आयात गॅसवरची ही वीज देशी कोळशाच्या विजेपेक्षा महाग पडेल, आणि मंडळाला एवढी वीज एकदम पेलणार नाही. जागतिक बँक म्हणजे काही डाव्यांचा अड्डा नव्हे. तरी ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झालाच. कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के; उरलेला जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा. यंत्रे पुरवणारी आणि बांधकाम करणारी मंडळीही हीच.

करारात काय होते ते आपल्या भाषेत सांगतो. समजा, तुम्ही शेजाऱ्याकडून वर्षाच्या बोलीने बैलजोडी घेतली. बोली अशी: वखर चालो की न चालो, पाऊस पडो की न पडो, वर्षभराचे भाडे द्यायचेच. कामाला जुंपली तर वैरणीचा खर्च वेगळा, तोही तुमच्याकडे. आणि वैरण गावातला कडबा नव्हे, ती जहाजाने येणार, जगाच्या बाजारात जो भाव असेल त्या भावाने. भाडे ठरणार डॉलरात. रुपया घसरला तर फरक तुमचा. तुम्ही थकलात तर तुमचा बाप भरेल, आणि बाप थकला तर आजोबा. वीज मंडळाच्या मागे राज्य सरकारची हमी होती, राज्याच्या मागे केंद्राची प्रतिहमी. कंपनीच्या मागे मात्र कुणी उभे राहायची गरज नव्हती, कारण तिच्या डोक्यावर जोखीमच ठेवली नव्हती.

१९९३ साली डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता. २००१ साली तो ४६-४७ रुपयांवर गेला. मधल्या काळात कच्च्या तेलाचे भाव चढले, आणि पहिला टप्पा तर नाफ्थ्यावरच चालत होता.

राजकारणाची कथा थोडक्यात आटोपतो. ती तुम्हाला ठाऊक आहे आणि तिच्यात नवीन काही नाही. १९९५ च्या निवडणुकीत प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्दही केला. जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने तो पुन्हा केला, तोही आधीपेक्षा मोठा: २,०१५ मेगावॉटचे २,१८४ झाले. मे १९९६ मध्ये दिल्लीत तेरा दिवसांचे सरकार होते. जाता जाता त्याने प्रतिहमीचे तेवढे काम उरकून घेतले. असा एकही मोठा पक्ष नाही की ज्याचा हात या कागदाला लागला नाही. म्हणून तर आज कुणी कुणाला विचारत नाही.

मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. पुढच्या दीड-दोन वर्षांत काही महिन्यांत युनिटचा भाव सात रुपयांवर गेला. भाव एवढा का चढला, हे समजून घेण्यासारखे आहे. स्थिर आकार ठरलेला; मंडळ महाग वीज जितकी कमी उचलणार, तितका तो आकार थोड्या युनिटांवर बसणार आणि युनिट आणखी महाग होणार. जास्त उचलावी तर स्वतःचे कोळशाचे स्वस्त संच थंड ठेवायचे. कोराडी, चंद्रपूर इथला कोळसा आपल्या पायाखालचा, राख आपल्या अंगणात, आणि तिथले संच मंद करून आयात नाफ्थ्यावरची वीज घ्यायची! जानेवारी २००१ मध्ये मंडळाने तक्रार केली की, मागितली तेव्हा कारखान्याला करारात लिहिलेल्या वेळेत पूर्ण वीज देता आली नाही, आणि त्यापोटी ४०१ कोटी रुपयांचा दावा लावला. कंपनीने फेब्रुवारीत केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली. एप्रिलमध्ये माधव गोडबोले समितीचा अहवाल आला; त्यात एकामागून एक आलेल्या सरकारांचा कारभार उघडा पडला. मे २००१ च्या अखेरीस कारखाना बंद. त्याच वर्षी २ डिसेंबरला तिकडे अमेरिकेत एन्रॉनने दिवाळे जाहीर केले. ज्या कंपनीची ऐपत पाहून आपण तिच्यापुढे तीन-तीन हम्या ठेवल्या, तिची स्वतःची वही अशी निघाली. दुसऱ्या टप्प्याचे बांधकाम बहुतेक झाले होते. त्यात आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय, आयएफसीआय या इथल्याच संस्थांचा पैसा अडकला. बँकेत ठेव तुमची-आमची. पीककर्जाचे पाच हजार थकले तर दारात जीप आणणारी व्यवस्था इथे हजारो कोटींपुढे हात जोडून उभी राहिली.

आता जरा आपल्या घरात येऊ. दाभोळचा करार झाला त्या काळात महाराष्ट्रात आणखी एक एकाधिकार चालू होता. कापसाचा. १९७२ पासून कापूस पिकवायचा आणि फक्त पणन महासंघाला घालायचा, असा कायदा. शेजारच्या राज्यात चार पैसे जास्त मिळत असले तरी गाडी सीमेवर अडवली जायची, गुन्हा दाखल व्हायचा. एकच खरेदीदार, भाव तो ठरवणार, प्रत तो ठरवणार, चुकारे त्याच्या सवडीने. संकलन केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगेत थंडीत रात्री काढलेली माणसे या बैठकीत बसलेली आहेत. ज्वारीची लेव्ही मोजून दिलेली माणसेही आहेत.

दाभोळच्या विजेलाही एकच खरेदीदार होता: वीज मंडळ. सरकार तेच, काळ तोच, माल एकाच गिऱ्हाइकाला विकण्याची रीतही तीच. फरक एवढाच की कंपनीने पिकवलेला माल घेणे सरकारवर बंधनकारक, भाव कंपनीच्या खर्चावर ठरणार, खर्च डॉलरात मोजणार, आणि माल नाही उचलला तरी पैसे मिळणार. कापूसवाल्याला मात्र विकण्याची सक्ती, भावाची खात्री नाही, खर्चाचा हिशेब कुणी मागायचा नाही. खत महागले, मजुरी वाढली, बोंडअळीने फवारण्या दुप्पट झाल्या, तर "ते शेतकऱ्याचे नशीब". नाफ्था महागला तर "ते करारात आहे". सरकारला एखाद्याचा उत्पादन खर्च भरून देता येत नाही असे मुळीच नाही. ते त्याला उत्तम जमते. फक्त माणूस पाहून जमते.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख शहरातल्या पेपरातही छापून आला असता. खरी गोष्ट पुढे आहे, ती तारांची.

विजेच्या धंद्याला तीन अंगे असतात. एक वीज तयार करणे, दुसरे त्यासाठी कोळसा किंवा गॅस आणणे, आणि तिसरे तयार झालेली वीज तारांवरून तुमच्या मोटारीपर्यंत पोचवणे. दाभोळला पहिल्या अंगावर पैसा ओतला गेला. दुसऱ्यावरही ओतला गेला: ओमान आणि अबुधाबीहून गॅस थंड करून, द्रव करून जहाजाने आणायचा, म्हणून समुद्रात धक्का, किनाऱ्यावर टाक्या. वायूचा द्रव केला की तो सहाशेपट कमी जागेत मावतो, पण त्यासाठी उणे १६० अंशांच्या आसपास थंडी राखावी लागते, आणि त्या थंडीचा खर्च युनिटात येतोच. तिसऱ्या अंगाला, तारांना, काय मिळाले? कारखान्याच्या कुंपणापर्यंत कंपनी; कुंपणाबाहेरच्या तारा मंडळाच्या गळ्यात. नफ्याची हमी तयार करण्याला होती, पोचवण्याला नव्हती. मग पैसा तिकडेच जाणार. पाणी उताराकडे जाते, यात पाण्याचा काय दोष!

आणि त्याच वेळी खेड्यातल्या तारा लोंबत होत्या, एका रोहित्रावर त्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त मोटारी होत्या, आणि दाब इतका कमी की मोटार चालण्याऐवजी जळायची. ही गळती किती आहे असे विचारले की मंडळ सांगायचे, पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपास. वर्षानुवर्षे हाच आकडा. १९९९ साली वीज नियामक आयोग स्थापन झाला, २००० साली पहिल्या दर-आदेशाच्या वेळी हिशेब तपासला गेला, तेव्हा गळती तीस टक्क्यांवर निघाली. मधली पंधरा टक्के इतकी वर्षे कुठे होती? शेतकऱ्याच्या नावावर होती! पंपांना मीटर नाही. म्हणून एकूण विजेतून मोजलेली वीज वजा करायची, उरलेल्यातून गळती म्हणून थोडीशी दाखवायची आणि बाकी सगळी "शेतीने वापरली" असे लिहायचे. शहरातली चोरी, कारखान्यांतली चोरी, जुन्या तारांत तापून गेलेली वीज, सगळे शेतकऱ्याच्या खात्यावर. वर पुन्हा भाषण: शेतकरी फुकट वीज जाळतो म्हणून मंडळ बुडाले. सालदाराने खाल्ले आणि बैलाच्या नावावर लिहिले, असा हा हिशेब होता.

आता कोरडवाहू माणसाच्या बाजूने पाहा. त्याला बारमाही ऊस भिजवायचा नाही. पावसाने ऑक्टोबरात दगा दिला, कपाशी बोंडे धरते आहे, किंवा रब्बीची ज्वारी पोटरीत आली आहे, आणि विहिरीत चार-सहा तासांचे पाणी आहे. त्या आठवड्यात एक पाणी बसले तर पीक घरात, नाही बसले तर कडबा. त्याला वर्षभरात वीज लागते ती अशी मोजून काही दिवस. त्या नेमक्या दिवसांत डीपी जळते, कारण सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात. डीपी बदलून येईपर्यंत पाण्याची पाळी निघून जाते. बिल मात्र मोटारीच्या अश्वशक्तीवर, बारा महिन्यांचे. विहीर कोरडी असो, तार तुटलेली असो, फेज गेलेली असो, आकार ठरलेला.

म्हणजे बैलजोडीची तीच बोली इथेही आहे, फक्त उलटी टांगलेली. दाभोळच्या कंपनीला वीज न देताही पैसे मिळायचे होते. कोरडवाहू शेतकऱ्याने वीज न मिळताही पैसे भरायचे. थकबाकीचे जे डोंगर दाखवले जातात त्यांत न मिळालेल्या विजेचे बिल किती आहे, याचा हिशेब आधी झाला पाहिजे. मग वसुलीचे बोला.

दाभोळचे पुढे काय झाले, तेही सांगून टाकतो. २००५ साली एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाची कंपनी काढून कारखाना ताब्यात घेतला. क्षमता आता १,९६७ मेगावॉट धरली जाते. २००६ नंतर तो पुन्हा चालू लागला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला तसा २०१३ नंतर गप्प झाला, आणि २०१५ मध्ये रेल्वेसाठी थोडा जागा झाला. गॅसचा धक्का २०१३ साली सुरू झाला आणि तिथून बंगळूरपर्यंत नळही गेला. म्हणजे उभारलेले सगळेच वाया गेले असे नाही. पण ज्या विजेसाठी राज्याला गहाण ठेवले ती वीज आपल्या मोटारीत काही आली नाही.

२००३ च्या वीज कायद्यानंतर, जून २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाले: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. पाट्या बदलल्या. तालुक्याच्या कचेरीत गेलो तर टेबल तेच. आमच्याच एका भावाने जोडणीसाठी डिमांड भरली तेव्हा त्याचा मुलगा सहावीत होता. खांब उभे राहिले तेव्हा तो मुलगा बारावीला होता. आणि खांब शेतापर्यंत ओढायला गाडीभाडे भावानेच दिले.

आजचे करार दाभोळसारखे नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सौर विजेला इंधन लागत नाही, तेव्हा जहाजाच्या वैरणीचा प्रश्न मिटला. दर बोली लावून ठरतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरसाल त्यात वाढ, असे तिच्यात आहे. पडीक बरड रानाला असे भाडे मिळत असेल तर घ्यावे, त्यात कमीपणा नाही. आणि शेतीला रात्री बारा वाजता साप-विंचवांच्या संगतीत मिळणारी वीज दिवसा मिळणार असेल तर तिचे स्वागतच आहे. पण कोळशाच्या भागाचे काय? कोळसा महागला तर फरक कुणी भरायचा, वीज नको असेल तेव्हा स्थिर आकार किती, रोहित्रे आणि तारांवर त्याच वर्षांत किती रक्कम घातली जाणार, हे मराठीत छापून ग्रामपंचायतीत लावा, एवढीच मागणी आहे. दाभोळचा करार कित्येक वर्षे लोकांना वाचायलाच मिळाला नव्हता.

फुकट विजेबद्दलही दोन शब्द. जुलै २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल पाच वर्षे माफ करण्याची योजना जाहीर झाली. मिळते आहे तोवर कुणी नाही म्हणू नये. पण २००४ च्या निवडणुकीआधीही वीज फुकट झाली होती आणि २००५ मध्ये फुकटपणा परत घेतला गेला, ही आठवण जागी ठेवा. शिवाय फुकट विजेची तक्रार करायला गेले की खिडकीतला माणूस विचारतो, "पैसे कुठे भरता?" आम्हाला दान नको. भावाने विकत घेतलेली, ठरलेल्या वेळी, पूर्ण दाबाची वीज हवी. आणि पिकाचा भाव मोकळा ठेवा, म्हणजे ती विकत घेता येईल.

कायद्यात आपल्या बाजूचेही थोडे आहे, ते वापरा. बिल थकले म्हणून जोडणी तोडायची तर कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. गावात येऊन अख्खी डीपीच उतरवणे, ज्यांनी भरले त्यांचीही वीज बंद करणे, हे त्यात बसत नाही. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलायचे आहे, नाही बदलले तर भरपाई मागता येते. भरपाई मागायला तारीख-वार लिहिलेला कागद लागतो, आणि तिथेच आपण कमी पडतो. लाईनमनला फोन केला, तो "बघतो" म्हणाला, यावर कुणी भरपाई देत नाही.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणायची आहे. तिच्यात डीपीचा क्रमांक, तिच्यावरच्या मोटारी आणि त्यांची अश्वशक्ती, गेल्या खरिपापासून डीपी कधी जळाली, कधी बदलली, वर्गणी काढून कुणाला किती द्यावे लागले, आणि त्या दिवसांत कुणाचे किती एकर पीक वाळले, एवढे लिहा. ज्यांच्याकडे अजून जोडणीच नाही त्यांनी डिमांड भरल्याची पावती आणि तारीख आणावी. गेल्या बैठकीत बोललेल्या आमच्या त्या जुन्या कार्यकर्त्यांना सांगायचे एवढेच की पहिले पान तुमच्या सतरा दिवसांचे आहे. येताना तारखा घेऊन या.